उंचावरून ओत

चढ स्टुलावर, तौनो.
त्याचा एक पाय डुगडुगतो, पण माणूस पेलतो तो.
आणि साबण ठेव खाली.
ब्लूबेरीला साबण लागला की ती बिथरते,
जांभळ्याची निळी होते, निळ्याची हिरवट,
मग जन्मभर तिथेच बसते मांडी ठोकून.

आधी नुसतं पाणी. उकळतं.
मी टेबलक्लॉथ ताणून धरते बादलीवर,
तू हात जाईल तितक्या उंचावरून ओत.
धार बारीक ठेव
आणि माझी बोटं वगळ.

रबर लावूनही बसतं कापड बादलीला,
एकवीस वर्षं एकटीनंच केलंय मी हे.
पण केक आज तुझ्या हातून सांडला,
मिर्याच्या नामदिनाला, सगळ्यांदेखत,
तेव्हा ये, म्हटलं, निस्तर.

तू नेहमी घासायचास.
कॉफी सांडली, घास. होडीचं डांबर लागलं, घास.
घासघासून डाग आत मुरवायचास
आणि वर म्हणायचास, कापडच हलकं आहे.
डांबराला लोणी लागतं, तौनो.
लोणी, आणि थोडं गप्प बसणं.
रक्ताला गार पाणी, कढत ओतलंस तर शिजतं ते धाग्यात.
वाइनला मीठ, तिथल्या तिथे, बोलणं अर्धं टाकून.
आणि चरबीला ती बैलाच्या पित्ताच्या साबणाची वडी,
जिच्या वासानं तू खिडकी उघडायचास उणे वीसमध्ये.
मेलेल्या जनावरानं कसले डाग जातात, म्हणायचास.
जातात की.

सतरंज्या आठवतात?
जुलैत, साइमाच्या काठी, लाकडी धक्क्यावर,
गुडघे ओले, पाइनच्या साबणाचा फेस कोपरापर्यंत,
शेजारच्या ब्रशांचा खरखराट.
ती चिंध्यांची लांब सतरंजी, मी त्या वर्षी विणलेली,
तिच्यात तुझा निळा शर्ट होता.
पट्ट्या पट्ट्या केल्या होत्या मी त्याच्या, एका रात्रीत.
कुठला डाग होता त्यावर, ते तुलाही ठाऊक आहे, मलाही.
तू ओळखला नाहीस.
दोन हिवाळे चालत राहिलास त्यावरून, मोजे घालून.

हं. आता ओत.

बघ, सुटला रंग.
बघ कसा उतरतोय बादलीत, शाईसारखा,
आणि कापडावर आधी गुलाबी, मग राखाडी, मग
अरे, धार कुठे चालली?
तौनो.
हात थरथरतोय तुझा.
नाही, केटली जड नाहीये, मीच भरली ती, अर्धीच होती.

केव्हापासून?
मिर्याला माहीत आहे?

म्हणजे सकाळी ती बशी.
आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं,
याला आयुष्यात काही नीट धरता आलं नाही.

बरं. नको सांगूस.
डावा हात लाव उजव्याला खालून.
असा. घाई नाही.
पाणी निवलं तर पुन्हा उकळू, वीज काही संपत नाही.

अजून आहे थोडा.
फिकट, कपाच्या बुडाएवढा.
राहू दे, क्लोरीन नको, विरेल ते लिनन.
मार्चमध्ये बर्फाला वरून टणक साय धरते ना,
पाय रुतत नाही अशी,
त्यावर पसरून ठेवू तीन दिवस, उलटसुलट.
खालून बर्फ, वरून ऊन, त्यांचं काय संगनमत असतं कोण जाणे,
पण पांढरं होतं.
फक्त तेव्हा तळ्यावरून वारा सुटलेला असतो.
कापडाला चार टोकं,
मला दोनच हात.

उतर आता. हळू. माझा खांदा धर.
कॉफी झाली असेल.
नको, कप मी भरते तुझा.
अर्धाच.